बापाशीक सांगू नको



१ जूनला मासेमारी बंद झाली की आमच्या मालवणच्या किनाऱ्याचं रूप पालटतं. होड्या वर माडांच्या सावलीत ओढल्या जातात, त्यांच्यावर चुडतांची शाकारणी होते आणि ३१ जुलैपर्यंत दर्या आणि माणूस दोघंही एकमेकांकडे नुसते बघत राहतात. या दोन महिन्यांत मुलांना खेळायला मैदान राहत नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी एक सवय लावून घेतली आहे. पावसाळ्यात दर रविवारी असरच्या नमाजनंतर आठवी ते बारावीच्या मुलांना घेऊन मदरशाच्या पडवीत बसायचं. अभ्यास घ्यायचा नाही, नुसत्या गप्पा. चहा आणि बटर मिळतात, त्यामुळे हजेरी चांगली असते.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी सगळ्यांना एकेक कागद दिला आणि म्हटलं, "समजा तुम्ही बाप झालात. तुमचा मुलगा आज तुमच्याएवढा आहे. तुमचा आणि त्याचा मिळून एक दिवस लिहा. नाव घालू नका."

आधी खूप हशा झाला. "सर, आदी लगीन तरी होवंदे!" असं मागून कोणी तरी म्हणालं. मग हळूहळू सगळे गप्प झाले आणि लिहायला लागले. बाहेर पाऊस कोसळत होता. अर्ध्या तासाने माझ्याकडे १९ कागद जमले.

रात्री ते वाचायला बसलो आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी उठलो नाही.

१९ पैकी १३ कागदांमध्ये बाप घरात नव्हताच. तो कतारला होता, सौदीत होता, जहाजावर होता, मुंबईला होता, एक तर थेट कॅनडात होता. मुलगा गावात, बाप दूर. 'मी त्याला चांगल्या शाळेत घालीन, बाईक घेऊन देईन, रात्री व्हिडिओ कॉल करीन.' मी लिहायला सांगितलं होतं दोघांचा एकत्र दिवस. या मुलांनी कल्पनेतल्या दिवसातसुद्धा बाप आणि लेकाच्या मध्ये दर्या ठेवला होता. कोणी त्यांना तसं लिहायला सांगितलं नव्हतं. त्यांना बाप म्हणजे तसाच ठाऊक होता.

त्या तेरांतल्या एकाने मात्र शेवटी एक ओळ लिहिली होती : 'माझ्या मुलाचा फोन मी पहिल्या रिंगला उचलीन.'

चार कागदांत बाप गावातच होता. दुकान, रिक्षा, शाळेतली नोकरी. एक कागद मच्छीमाराच्या मुलाचा असणार. त्याने लिहिलं होतं की मी मुलाला पहाटे उठवून रापणीला नेईन, तो दमला तर दोर माझ्या हातात घेईन, वाटा मिळाला की दोघं मिळून घरी आणू. खाली लिहिलं होतं, 'पण तोपर्यंत मासे असतील का ते माहीत नाही.' रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोर ओढायचं काम. तिथे बाप आणि लेक एकाच दोराला असतात. परप्रांतीय ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी यांच्याविरुद्ध आमचे पारंपरिक मच्छीमार, मग ते गाबीत असोत, ख्रिस्ती असोत की मुसलमान, इतकी वर्षं का भांडतात ते सरकारी कागदांपेक्षा या एका ओळीतून मला जास्त कळलं. मासे गेले की नुसती कमाई जात नाही, बापाच्या शेजारची जागासुद्धा जाते.

आणि एक कागद कोरा होता. त्याच्याकडे नंतर येतो.

मी आयुष्यभर मराठीचा मास्तर. खोड जात नाही. मी क्रियापदं मोजली. देईन, घेऊन देईन, पाठवीन, शिकवीन, ओरडेन, मारीन, माफ करीन. सगळ्यात जास्त वेळा 'देईन'. 'ऐकीन' एकदाही नाही. 'विचारीन' एकदाही नाही. आणि बाप मुलाला आपलं काही 'सांगेन', असंही कोणी लिहिलं नव्हतं.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. कोकणातला बाप पिढ्यान् पिढ्या असाच दूर राहिलेला आहे. आमच्या शेजारच्या हिंदू वाड्यांतला बाप गिरणगावात होता. तो चाकरमानी. गणपतीला यायचा, बाकीचं वर्ष मनिऑर्डरीतून भेटायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तळकोकणातल्या कितीतरी मुलांनी बापाला पहिल्यांदाच इतके दिवस घरी बसलेला पाहिला. मुसलमान वाड्यांतला बाप खलाशी म्हणून बोटीवर होता आणि १९७० नंतर तेलाचा पैसा वाहू लागला तसा तो आखातात गेला. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये फौजा घुसवल्या. तिथल्या सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी मायदेशी आणावं लागलं. त्यात कोकणातलेही होते. हातात एक पिशवी घेऊन परतलेले बाप तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांना शाळेत सोडायला यायचे आणि मुलं त्यांच्यापासून दोन पावलं लांब चालायची. त्यांना लाज वाटत नव्हती. या माणसाशी काय बोलायचं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पूर्वी पत्राला पंधरा दिवस लागत. मग एसटीडी बूथ आले, आता मोबाइल. अंतर कमी झालं म्हणतात. पण मला आज एका वाक्याबद्दल लिहायचं आहे, जे पत्राच्या काळापासून मोबाइलच्या काळापर्यंत आमच्या घरांत जसंच्या तसं टिकून आहे. ते वाक्य म्हणजे 'बापाशीक सांगू नको.'

मुलगा पडला, हाताला प्लास्टर आलं. बापाशीक सांगू नको, तेका थंय टेन्शन. घटक चाचणीत गणितात सात मार्क मिळाले. बापाशीक सांगू नको. आजी पाय घसरून पडली, कौलं उडाली, विहिरीचा पंप जळला. सांगू नको. हेतू वाईट नसतो. माणूस उंचावर काम करतो, अवजड गाडी चालवतो, त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं पाहिजे. बायको विचार करते की इथून सांगून तो तिथे काय करणार? ती बिचारी खरंच सगळं एकटी उचलते. तिला बोल लावायचा माझा इरादा नाही.

पण मुलगा यातून काय शिकतो? बाप म्हणजे असा माणूस, ज्याला खरं सांगायचं नसतं. ज्याला फक्त 'सगळं ठीक आहे' सांगायचं असतं.

आणि पलीकडून बापसुद्धा तेच करतो.

हे दुसऱ्याच्या घरचं नाही, माझ्याच घरचं सांगतो. जावई कुवेतला. लेक आणि नातू आमच्याकडे. नातू आता पंधरा वर्षांचा. तो जन्मला तेव्हा त्याचा बाप तिथेच होता, त्यामुळे त्याच्या कानात अजान मी दिली. अकीकाही मीच केला. बापाच्या जागेवर मी बसलो तो तेव्हापासून. शाळेत पालक म्हणून सही माझी, ओरडायचं ते मी आणि कुठे कमी पडलो तर, "थांब, बाप येऊंदे, त्याला सांगतो," ही धमकीही माझीच. म्हणजे एरवी बापाशी बोलायचं नाही आणि बोलायचं ते धाक घालण्यापुरतं.

मागच्या वर्षी नातवाने वाडीतल्या कुणाची तरी मोटरसायकल न विचारता चालवली आणि पडला. गुडघ्याला आठ टाके. आम्ही तिघांनी ठरवलं की जावयाला कळवायचं नाही. व्हिडिओ कॉलवर नातू कमरेवर दिसेल असा बसायचा. त्याच महिन्यात त्याने बापाकडे नवा मोबाइल मागितला. बापाने पैसे पाठवले. आम्हाला वाटलं, चांगलं चाललंय.

सहा महिन्यांनी जावई रजेवर आला तेव्हा एका रात्री लेकीने त्याच्या बॅगेत एक वही पाहिली. त्याच्या कंपनीने चार महिने पगार दिला नव्हता. आमच्याकडे दर महिन्याला आलेला पैसा खोलीतल्या सोबत्यांकडून उसना घेतलेला होता. वहीत नावं आणि दिनार लिहिलेले होते. त्यात मोबाइलचाही आकडा होता.

नातू दाराआड उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी फजरनंतर तो माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाना, माका कोणी सांगल्यानच नाय. माका म्हायत असता तर मी मोबाइल मागलंय नसतंय."

मी काय उत्तर देणार? त्याच्या गुडघ्याची खूण मीच लपवायला सांगितली होती. बापाने मुलाला आपला त्रास कळू दिला नाही, मुलाने बापाला आपली चूक कळू दिली नाही. दोघांनी एकमेकांवर प्रेमच केलं आणि दोघंही एकमेकांना परके राहिले.

त्या दिवसानंतर मी पवित्र कुरआनातल्या बापांकडे पुन्हा वळलो. आपण हे किस्से लहानपणापासून ऐकतो, पण बाप-लेक काय बोलतात याकडे माझं कधी नीट लक्ष गेलं नव्हतं.

ह. यूसुफ (अ.) यांना लहानपणी स्वप्न पडलं. ते स्वप्न त्यांनी पहिल्यांदा कुणाला सांगितलं? आपल्या अब्बांना. ह. याकूब (अ.) यांनी ते ऐकून घेतलं आणि मुलाला सावध केलं की भावांना हे सांगू नकोस. नीट पाहा, तिथेही 'सांगू नको' आहे, पण दिशा उलटी आहे. जगाला सांगू नको, बापाला सांग. आम्ही हे उलटं करून बसलो. मुलगा मित्रांना सांगतो, मोबाइलवर अनोळखी माणसांना सांगतो, फक्त बापाला सांगत नाही.

ह. इब्राहीम (अ.) यांना स्वप्नात आपल्या लेकाची कुर्बानी देताना दिसलं. याहून अवघड गोष्ट कुठल्या बापाला मुलापुढे बोलावी लागली असेल? तरी त्यांनी ती लपवली नाही. कोवळ्या वयाच्या मुलाला समोर बसवून सांगितली आणि तुझं काय मत आहे असं विचारलं. पैगंबर असून विचारलं. आपण बकरी ईदला दरवर्षी ही आठवण जागवतो, खुतब्यात ऐकतो आणि घरी येऊन मुलाला न विचारता त्याची सायन्स की कॉमर्स ठरवून टाकतो.

अरबीत मुलाला इब्न म्हणतात. त्याचं लाडाचं रूप बुनय्य. आपल्याकडे 'बाळा', 'सोन्या' म्हणतो तसं. ह. इब्राहीम (अ.), ह. याकूब (अ.) आणि ह. लुकमान हे तिघेही मुलाशी बोलताना हाच शब्द वापरतात. ह. लुकमान तर उपदेश करताना तो पुन्हा पुन्हा वापरतात. आणि चौथा बाप ह. नूह (अ.). त्यांचा मुलगा बापाचं न ऐकणारा, पुराच्या पाण्यात उभा राहून मी डोंगरावर चढेन म्हणणारा. त्यालाही बापाने हाक मारली ती 'बुनय्य' म्हणूनच. मुलगा ऐकला नाही, बुडाला. पण बापाच्या तोंडचा शब्द बदलला नव्हता. घरातला एखादा मुलगा हाताबाहेर गेला म्हणून ज्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं आहे, त्यांनी या शब्दापाशी थोडं थांबावं.

आता मुलांच्या दुसऱ्या एका समजुतीकडे येतो. पुढच्या रविवारी मी पडवीत विचारलं, "मूल एक वर्षाचं होईपर्यंत बापाचं काम काय?" उत्तरं भराभर आली. अजान देणं, नाव ठेवणं, अकीका, औषधपाण्याचा खर्च. "आणि लंगोट कोण बदलणार?" म्हटल्यावर सगळे ओरडले. "ता बायल माणसांचा काम!" अकरावीतला एक मुलगा म्हणाला की बापाने तान्हं मूल घेऊन रस्त्यावर फिरणं बरं दिसत नाही.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली दीनची. प्रेषित मुहम्मद (स.) आपली नात उमामा हिला कडेवर घेऊन नमाज पढल्याचं हदीसमध्ये आहे. सजद्याला जाताना खाली ठेवायचे, उठताना पुन्हा उचलायचे. तेही लोकांसमोर. एकदा ते ह. हसन (रजि.) यांचा मुका घेत असताना एक सरदार म्हणाला की मला दहा मुलं आहेत, मी कधी कुणाचा मुका घेतला नाही. त्यावर प्रेषितांनी जे सांगितलं त्याचा आशय असा की जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. त्या सरदाराला ती मर्दानगी वाटत होती. प्रेषितांनी तिला कठोरपणा ठरवलं.

दुसरी गोष्ट विज्ञानाची. फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांची काही वर्षं तपासणी झाली. २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे तरुण बाप झाले त्यांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्याला सगळे मर्दानगीचा रस समजतात तो, कमी झाला. आणि जे बाप रोज तीन तासांहून जास्त वेळ मुलांची देखभाल करत होते त्यांच्यात तो सगळ्यात कमी आढळला. यात आजार काही नाही. अल्लाहने पुरुषाचं शरीरही मूल सांभाळण्याजोगं घडवलं आहे. मूल कुशीत आलं की तेही नरम व्हायला तयार असतं. आपणच त्याला ताठ उभं करतो.

मुलं थोडा वेळ गप्प होती. मग जो म्हणाला होता रस्त्यावर बरं दिसत नाही, त्यानेच विचारलं, "सर, शिकूक येता ह्या?"

येतं तर! शाळांतूनही शिकवता येतं. मुंबईतल्या महापालिका शाळांमध्ये २००८ पासून 'जेम्स' नावाचा उपक्रम झाला. त्यात सहावी-सातवीच्या मुलामुलींशी घरकाम कोण करतं, मारामारी म्हणजे मर्दपणा का, अशा प्रश्नांवर वर्गातच बोललं गेलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही त्यात होती. आपल्या मदरशांत, शाळांत, मोहल्ला कमिट्यांत हे का होऊ नये? मुलींना आपण दहाव्या वर्षापासून 'उद्या आई होशील' म्हणून तयार करतो. मुलाला 'उद्या बाप होशील' हे आपण कधी म्हणतो? कायद्याने त्याचं लग्न एकविसाव्या वर्षाआधी होत नाही. म्हणजे पंधराव्या वर्षापासून निदान सहा वर्षं आपल्या हातात असतात. ती आपण नोकरीच्या तयारीत घालवतो.

आता त्या कोऱ्या कागदाकडे.

तो कुणाचा हे मला अक्षर नसूनही कळलं. वाडीत एकच मुलगा असा आहे ज्याचा बाप त्याच्या सातव्या वर्षी इंतकाल करून गेला. पुढच्या रविवारी बाकीचे उठले तरी तो मागे राहिला. म्हणाला, "सर, मी कायच लिवलंय नाय. माका कसा म्हायत असतला बापूस काय करता ता?"

मी त्याला विचारलं, "प्रेषितांना वडील होते का रे?"

तो मान हलवून नाही म्हणाला. जन्माआधीच वडील गेले. सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा. मग चुलते अबू तालिब यांनी सांभाळलं. म्हणजे ज्यांच्याकडून आपण बाप कसा असावा हे शिकतो, त्यांनी स्वतः कधी बाप पाहिला नव्हता. त्यांनी आजोबांचा हात पाहिला, चुलत्यांची सावली पाहिली आणि पुढे दुसऱ्याच्या मुलांवरसुद्धा माया केली. ह. अनस (रजि.) दहा वर्षांचे असताना त्यांच्या आईने त्यांना प्रेषितांच्या खिदमतीत दिलं. दहा वर्षं, म्हणजे पोरवय संपेपर्यंत ते तिथे राहिले आणि म्हातारपणी आठवण सांगायचे की त्या दहा वर्षांत प्रेषितांनी मला एकदाही 'उफ्' म्हटलं नाही. एकदा त्यांना कामाला पाठवलं होतं, तर हे वाटेत पोरांचा खेळ बघत उभे राहिले. प्रेषित मागून आले, हसत मानेला धरलं आणि लाडाने 'उनैस' म्हणून हाक मारली. आपल्याकडे काय झालं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तो मुलगा म्हणाला, "म्हणजे बापूस नाय तरी येता." मी म्हटलं, येतं. पण घरी आल्यावर मलाच प्रश्न पडला की या पोराचे अबू तालिब कोण? वाडीत एवढे चाचा, मामू, मौलाना, मास्तर असताना आठ वर्षांत त्याला कुणी रापणीला, बाजारात, ईदगाहला आपल्याबरोबर नेलं का? यतीमाला आपण जकातीतून पैसे देतो. पुन्हा तेच 'देईन'.

जावयाची ती रजा संपायच्या आधीची गोष्ट सांगून थांबतो. एका संध्याकाळी आमच्याकडे बांगडे आले. लेक ताप येऊन झोपलेली, घरवाली लग्नाला गेलेली. नातू म्हणाला, हॉटेलातून मागवू. जावई उठला, खाली बसून बांगडे साफ केले, कोकम काढलं, तिरफळं ठेचली आणि अर्ध्या तासात तिखला चुलीवर. नातू दारात उभा राहून बघत होता. "अब्बा, तुमका जेवण करूक येता?"

जावई हसला. कुवेतच्या खोलीत सहा माणसं राहतात. पाळी लावलेली आहे. याची पाळी मंगळवार आणि शुक्रवार. भांडी घासतो, कपडे धुतो, कुणी आजारी पडला तर पेज करून भरवतो. गेली बारा वर्षं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. रजेवर आलेल्या अब्बाला पाहुण्यासारखं पाट मांडून जेवायला वाढलेलंच त्याने पाहिलं होतं. आखातातल्या कितीतरी बापांचं असंच आहे. तिथे ते आईचंही काम करतात आणि गावी आले की पँटची घडी मोडू देत नाहीत. मुलाला दिसते ती घडी.

त्या रात्री जेवताना नातवाने पँट वर करून बापाला गुडघा दाखवला. जावयाने त्या खुणेवरून बोट फिरवलं. ओरडला नाही. "दुखलं होतं का?" एवढंच विचारलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

आता जावई परत गेला आहे. नवी कंपनी, पगार थोडा कमी, पण वेळेवर. मंगळवारी रात्री साडेनऊला, म्हणजे तिथे सात वाजता, तो फोन भांड्याला टेकवून ठेवतो आणि जेवण करतो. इकडे नातू फोन समोर ठेवून गणित सोडवतो. अर्धा वेळ दोघं बोलतही नाहीत. मार्कांची गोष्ट कधी निघते, कधी नाही. परवा नातू म्हणाला, "अब्बा, सहामाहीत इंग्रजी जाणार आसा." तिकडून डाळ ढवळत उत्तर आलं, "माझा पण एकदा गेलेला."

दूर असणाऱ्या बापांना माझी एवढीच विनंती. फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. तुमची खोली दाखवा, काम दाखवा, आज काय बिघडलं ते सांगा. घरच्या भगिनींना विनंती. प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी कळवू नका, पण मुलासमोर 'बापाशीक सांगू नको' हे वाक्य उच्चारू नका. वेळ बघून सांगू म्हणा आणि मग खरंच सांगा. जे घरीच असतात त्या बापांनीही स्वतःला सुटले समजू नये. मी चाळीस पावलांवरच्या शाळेत शिकवत होतो आणि माझ्या मुलांशी मी वर्गाबाहेर किती बोललो ते तेच सांगू शकतील. आणि ज्याच्या वाडीत बाप नसलेला मुलगा आहे, त्याने येत्या जुम्याला त्याला बरोबर न्यावं. पैसे देऊन परत येऊ नये.

नव्या मोसमात, १ ऑगस्टनंतर, होड्या पुन्हा पाण्यात जातील. मी तो कोरा कागद जपून ठेवला आहे. मोसम सुरू झाला की त्या मुलाला घेऊन एकदा रापणीला जायचं ठरवलं आहे. मला आता दोर ओढवत नाही, पण टोक धरून उभं राहता येईल.

अल्लाह आपल्या सर्वांना आपल्या लेकरांचं ऐकण्याची तौफीक देवो. आमीन.